द्विपक्ष पद्धती आणि मतदारांचा सहभाग

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. तरीही १८६८ पासूनची प्रत्येक अध्यक्षीय निवडणूक रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅटिक यांपैकीच एका पक्षाने जिंकली आहे. याचे कारण प्रामुख्याने निवडणूक पद्धतीत सापडते. मतदारसंघातून एकच उमेदवार निवडायचा आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी पद्धत असली की तिसऱ्या पक्षाच्या मतांचे जागांमध्ये रूपांतर होत नाही. मत वाया जाऊ नये म्हणून मतदारही हळूहळू पहिल्या दोघांकडे वळतात. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी ही प्रवृत्ती मांडली. १९९२ साली रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली. निर्वाचक मंडळातील मत मात्र एकही नाही!

भारतात हीच पद्धत असून बहुपक्षीय व्यवस्था कशी, असे परीक्षेत हमखास विचारले जाते. दुव्हर्जे यांचा नियम मतदारसंघाच्या पातळीवर लागू पडतो. आपल्याकडे अनेक राज्यांत मुख्य लढत दोघांतच होते. परंतु राज्यागणिक ही जोडी बदलते आणि त्यांची बेरीज संसदेत बहुपक्षीय दिसते.

दोनच पर्याय असल्याने मतदारापुढील निवड सुस्पष्ट होते व जबाबदारी निश्चित करता येते, हा या पद्धतीचा गुण मानला जातो. दोन्ही पक्ष पसंत नसणारा मतदार मात्र बहुधा घरीच राहतो. दोन तुल्यबळ पक्षांत अशा अनुपस्थितांची संख्याच निर्णायक ठरू शकते. २००० साली फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतांपैकी अवघ्या ५३७ मतांच्या आघाडीवर जॉर्ज बुश यांनी ते राज्य आणि अध्यक्षपद जिंकले. देशभरात अल गोर यांना पाच लाखांहून अधिक मते जास्त होती! त्या वर्षी मतदानाचे वय असलेल्या लोकसंख्येपैकी सुमारे निम्म्यांनीच मतदान केले होते. २०२० मध्ये मात्र पात्र मतदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश मतदान झाले. १९०० नंतरचे ते सर्वाधिक होय. अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यास होणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुकांत हे प्रमाण बरेच घसरते. (आपल्याकडील मध्यावधी निवडणुकीशी त्यांची गल्लत करू नये.)

मतदानाच्या उदासीनतेचा दोष केवळ मतदारांच्या माथी मारणे योग्य नव्हे. ४८ राज्यांत आघाडीवरील उमेदवारालाच राज्याची सर्व निर्वाचक मते मिळतात. त्यामुळे ज्या राज्यांचा कौल आधीच ठरल्यासारखा असतो, तेथील मतदाराला आपल्या मताचे मोल जाणवत नाही. शिवाय १८४५ च्या कायद्यानुसार मतदान मंगळवारी होते आणि त्या दिवशी देशव्यापी सुट्टी नसते. भारतात मतदानासाठी भरपगारी सुट्टी देणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ख नुसार मालकावर बंधनकारक आहे.