लिंबाचें कूळ

बाजारांतून आणलेल्या टोपलींत कागदी लिंबू, संत्रें, मोसंबी आणि पपनस हीं फळें शेजारीं शेजारीं असलीं, तर तीं एकमेकांचीं नातलग आहेत हें ओळखण्यास वनस्पतिशास्त्र शिकावें लागत नाहीं. सालींतील तैलाचे तेच सूक्ष्म बिंदु आणि आंत तशाच रसाळ फोडी. प्रश्न येतो तो यापुढें. या निरनिराळ्या जाति मानावयाच्या, कीं थोड्या जातींचेच अनेक वाण? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नानें शास्त्रज्ञांना दोनशें वर्षांहून अधिक काळ चकविलें.

इ. स. १७५३ मध्यें लिनीअस या पंडितानें या फळांच्या दोनच जाति मानिल्या. १९४३ सालीं अमेरिकेचे स्विंगल यांनीं १६ मानिल्या. जपानचे तनाका यांची यादी तर वाढत वाढत १६२ पर्यंत गेली. झाडें तींच, आणि पाहणारेहि तितकेच अभ्यासू. मग उत्तरांत एवढें अंतर कां पडावें?

याचें कारण या झाडांच्या एका विलक्षण स्वभावांत आहे. एरव्हीं एखादें झाड बियांपासून पिढ्यानपिढ्या आपल्यासारखीच संतति देऊं लागलें, म्हणजे ती स्वतंत्र जातीची खूण समजली जाते. परंतु मोसंबी, आंबट नारिंग आणि पाश्चात्त्य देशांतील मोठें पिवळें लिंबू, म्हणजे लेमन, यांच्या बियांत परागाचा अंश न मिसळतां केवळ मातेच्या पेशींपासूनहि गर्भ तयार होतात. अशा गर्भाचें रोप म्हणजे मातेची प्रतिकृतिच. त्यामुळें दोन भिन्न झाडांच्या संकरानें कधीं काळीं उपजलेलें एखादें रोप शतकानुशतकें जसेंच्या तसें वाढत राहतें आणि शुद्ध जातीसारखें भासतें. महाळुंग आणि पपनस यांच्या बियांत मात्र असें घडत नाहीं; त्यांची संतति नेहमींच्या रीतीनें, परागापासूनच होते.

आकारावर विसंबतां येईना, तेव्हां इतर पुराव्यांकडे वळणें प्राप्त होतें. पेशींतील गुणसूत्रें मोजून पुष्कळ वनस्पतींच्या जवळच्या जाति वेगळ्या करितां येतात. येथें तो उपाय चालत नाहीं, कारण यांतील बहुतेक सर्वांत गुणसूत्रांच्या ९ च जोड्या आढळतात. परस्परांत संकर होतो कीं नाहीं, हें पाहावें तर तो सहज होतो.

१९७५ सालीं स्कोरा यांनीं झाडांतील रासायनिक द्रव्यांच्या आधारें, आणि १९७६ सालीं बॅरेट व ऱ्होड्स यांनीं पानाफुलांचीं आणि फळांचीं १४६ लक्षणें एकत्र ताडून पाहून, जवळजवळ एकच निष्कर्ष काढिला : लागवडींतील बहुतेक फळांचे मूळ पूर्वज तीनच, महाळुंग, पपनस आणि संत्रें. दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणीं येऊन मिळाल्या, हें या निष्कर्षाचें बळ होय.

तरीहि रसायनाची साक्ष एकटीच धरली तर फसगत होते. पपनसांतील कडवटपणा नॅरिंजिन नांवाच्या द्रव्याचा असतो. तेंच द्रव्य आंबट नारिंगांत आणि ग्रेपफ्रूटमध्यें सांपडतें, आणि हीं दोन्हीं पपनसाच्याच वंशांतलीं आहेत. येथवर ठीक. परंतु मोसंबींतहि पपनसाचा अंश असून तिच्यांत तो कडवटपणा उतरलेला नाहीं. केवळ चवीवर निकाल देणारा मोसंबीचें एक आजोळ विसरून जाईल.

हा गुंता डीएनए या आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेनें उलगडला. पेशीच्या केंद्रांतील डीएनए मातापिता या दोघांकडून येतें. पानांतील हरितकणांचें डीएनए मात्र या झाडांत केवळ मातेकडून येतें. दोन्हीं ताडून पाहिलीं म्हणजे केवळ नातें नव्हे, तर नात्याची दिशाहि कळते. लेमनच्या केंद्रांत निम्मा भाग महाळुंगाचा आणि उरलेल्यांत पपनस व संत्रें मिसळलेलीं. हरितकण मात्र पपनसाचे. अर्थ स्पष्ट आहे. पपनस ही माता आणि संत्रें हा पिता यांपासून नारिंग झालें; नारिंग ही माता आणि महाळुंग हा पिता यांपासून लेमन झालें. आपलें कागदी लिंबूहि महाळुंगाचेंच अपत्य. पण त्याची माता फिलिपाइन्सकडील एक रानटी जाति आहे. २०१८ सालीं ६० झाडांच्या संपूर्ण डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली. तीवरून या कुळाच्या १० नैसर्गिक जाति ओळखल्या गेल्या, आणि त्यांचें मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे असावें असें अनुमान निघालें.

हा वाद केवळ नांवांचा नाहीं. १९३० नंतरच्या दोन दशकांत ब्राझील व अर्जेंटिना येथें आंबट नारिंगाच्या खुंटावर बांधलेलीं मोसंबीचीं लक्षावधि झाडें ट्रिस्टेझा नांवाच्या विषाणुरोगानें मेलीं. तीच मोसंबी दुसऱ्या खुंटांवर तग धरून राहिली. ब्राझीलच्या बागा पुढें सावरल्या त्या मुख्यत्वें रंगपूर लिंबाच्या खुंटावर. नागपुरी संत्र्याचे डोळेहि जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. हीं दोन्हीं दिसावयास लिंबें, आणि जंभेरीला तर पुष्कळांनीं लेमनमध्येंच गणिलें होतें. वस्तुतः दोहोंची माता संत्रें आणि पिता महाळुंग. उद्यां नव्या रोगाला तोंड देणारा खुंट संकरानें निर्माण करावयाचा झाला, तर कोणाचा कोणाशीं संकर करावा हें फळाच्या रूपावरून ठरणार नाहीं. कूळच पाहावें लागेल.

म्हणूनच मेघालयांतील गारो टेकड्यांत, नोक्रेकच्या अरण्यांत, रानसंत्र्याच्या रक्षणासाठीं राखीव क्षेत्र ठेवलेलें आहे. त्या लहान, आंबट फळाला बाजारांत किंमत नसेल; पण बागांतील फळांचा एक रानटी नातलग तेथें अजून जिवंत आहे.