लागणीची नोंद आणि लग्नाची नोंद



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. गट कार्यालयात उसाच्या नोंदी द्यायला येणारे काही सभासद अलीकडे हळूच लग्नाच्या दाखल्याची चौकशी करतात. मुलगा आखातात नोकरीला असतो, सूनबाईला न्यायचे असते आणि कागदावर घोडे अडते.

एका सभासदाचे उदाहरण सांगतो. मुलगा दुबईस. मे महिन्यात गावी थाटात लग्न झाले, सुट्टी संपली, मुलगा परत गेला. पुढे पत्नीच्या व्हिसासाठी साक्षांकित विवाह दाखला मागितला, तेव्हा लग्नाची नोंदच नाही हे ध्यानात आले. “साहेब, हजार पानं उठली लग्नात, आन् कागद कशाला मागत्यात?” असे ते आम्हांला म्हणाले. नोंदीला नवरा-बायको दोघांना समक्ष यावे लागते. मुलाला पुन्हा रजा काढून यावे लागले. विमानाच्या तिकिटात एकराचे बेणे-खत सहज निघाले असते.

या घोटाळ्याचे एक कारण आहे. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी विवाह दाखल्याची सक्ती राहिली नाही. सूनबाईचा पासपोर्ट दाखल्याविना निघतो आणि आपल्याला वाटते काम झाले. पण व्हिसा देणारे सरकार निराळे आणि त्याचे नियमही निराळे.

दुसरा गैरसमज असा की, गावच्या लग्नाची नोंद तिकडच्या भारतीय वकिलातीत होईल. तसे होत नाही. १९६९ चा विदेशी विवाह कायदा परदेशात लागलेल्या लग्नांसाठी आहे. तेरणेकाठच्या उसाची नोंद सीनाकाठच्या गटात लागत नाही, तसेच हे.

इथे लागलेल्या लग्नाला महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा लागू आहे. नवरा किंवा नवरी ज्या गावची, तिथल्या निबंधकाकडे, म्हणजे खेड्यात ग्रामसेवकाकडे, लग्नापासून ९० दिवसांच्या आत ज्ञापन द्यावयाचे. शहरात हे काम नगरपालिकेत होते. सोबत तीन साक्षीदार, वयाचे व रहिवासाचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्याची सही. निकाह झालेल्यांनीही निकाहनाम्यावर न थांबता ही नोंद करावी. मुदत टळली तरी विलंबाचा आकार भरून नोंद होते आणि नोंद नाही एवढ्यावरून लग्न बेकायदा ठरत नाही. पण व्हिसाच्या खिडकीवर हे सांगून उपयोग नसतो. मुलाचे परतीचे तिकीट आधी पाहा, मग ९० दिवस मोजा. पाहुणे गावात आहेत तोवरच साक्षीदार धरावेत.

सर्वांत जास्त कटकट नावांची. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची हौस असते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पत्रिकेत दुसरे, पासपोर्टवर वडिलांचे, रेशनकार्डावर नवऱ्याचे! नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. आमचे मत असे की, परदेशी जायचे असेल तर पासपोर्टवर आहे तेच नाव, तेच स्पेलिंग ज्ञापनात लिहावे. हौसेचे नाव घरात हाक मारायला ठेवावे. त्यातच २०२३ साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या कागदांवर एक आणि नव्यावर दुसरे दिसणारच. तिकडच्या माणसाने विचारले तर दाखवायला नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जवळ असू द्यावी.

दाखला मिळाला की शिक्के. आधी मुंबईस मंत्रालयातून साक्षांकन, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचे. हेग करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालय ‘अपोस्टिल’ लावते. सौदी अरेबिया त्यात २०२२ साली आला. दुबई-अबुधाबीसाठी मात्र त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते. एजंट हे करून देतात, पण मूळ दाखला हाती देताना पावती घ्यावी आणि झेरॉक्स घरी ठेवावी.

आता, दोघेही तिकडेच असतील आणि लग्नही तिकडेच करावयाचे असेल तर १९६९ चा कायदा उपयोगी पडतो. दोघांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण. वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती तिकडे आणि इकडे भारतातही प्रसिद्ध होते. हरकतीला ३० दिवस. मग तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. त्या देशाच्या कायद्याने आधीच लग्न झाले असेल तर याच कायद्याच्या कलम १७ खाली वकिलातीत त्याची नोंद मागता येते. अबुधाबीत २०२१ च्या कायद्याने बिगरमुस्लिमांचे नागरी विवाह होऊ लागले आहेत.

नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाचा त्या वकिलातीच्या हद्दीत किमान ३० दिवस मुक्काम झालेला असावा लागतो. त्यात हरकतीचे ३० दिवस धरले, तर नव्याने तिकडे गेलेल्याला दोन महिने हाताशी ठेवावे लागतात. आठ-पंधरा दिवसांच्या व्हिसावर आई-वडील गेले आणि लग्न उरकून आले, असे होत नाही. त्यांनी तिकीट तारीख ठरल्यावरच काढावे.