ओ, जे, ओ, ए, एम

वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्यालगत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. चौथीला मला शिकवलेले गुरुजी एका सकाळी काठी टेकत आले. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण फोन ते बोटानं आणि कानानं चालवतात. टॉकबॅक नावाची सोय फोनमध्येच असते, ती पडद्यावरचं बोलून दाखवते. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

"पोरी, संस्थेच्या सभेची नोटीस तूच टाईप केलीस ना? ऐक जरा."

फोन एकेक अक्षर बोलू लागला : ओ, जे, ओ, ए, एम.

ते आमच्या गावाचं नाव होतं. नोटीस मी कृतिदेवमध्ये टाईप केली होती. या जुन्या फाँटात संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठतात, फाँट त्यांना वरून देवनागरीचा चेहरा चढवतो. 'ओ'च्या जागी 'व' दिसतो, 'जे'च्या जागी 'र'. आपल्याला 'वरवंड' दिसतं. फोन मात्र पोटातलं वाचतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे 'व' कुठल्याही फोनवर 'व'च राहतो. मला हे ठाऊक होतं. पण बोटांना कृतिदेवची सवय, आणि छापल्यावर फरक दिसत नाही, म्हणून बदललं नव्हतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

लगेच सगळी नोटीस युनिकोडमध्ये करून दिली. संध्याकाळी गुरुजींचा फोन : "आता तर काहीच बोलत नाही गं." संस्थेनं प्रिंट काढली होती, सही-शिक्का मारला होता आणि स्कॅन करून ग्रुपवर टाकली होती. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो; त्यात अक्षर एकही नसतं. आपल्याकडे शिक्क्याशिवाय कागद खरा वाटत नाही, आणि शाळेच्या सूचनेपासून भरतीच्या जाहिरातीपर्यंत कितीतरी मजकूर असा शिक्क्यापायी मुका होतो. यावर उपाय साधा आहे. शिक्क्याची प्रत पाठवा, पण तिच्यासोबत मूळ फाईलही पाठवा. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही देते, दुसरीचे पैसे घेत नाही.

पुढचं मी कानानं शिकले. एनव्हीडीए हे संगणकावरचं मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं ते 2006 साली सुरू केलं, आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याच्या जोडीला आला. ते टाकलं, मॉनिटर बंद केला आणि माझंच काम ऐकलं. शीर्षक मी नुसतं ठळक आणि मोठं केलेलं; ऐकणाऱ्याला ते इतर ओळींसारखीच एक ओळ. वर्डमधल्या 'हेडिंग' स्टाईलनं दिलं, की एका कळीसरशी पुढच्या विषयावर उडी मारता येते. तक्त्यातली घरं जोडली, की कुठला आकडा कुठल्या रकान्यातला ते कळत नाही. 'लाल अक्षरातल्या सूचना पाहा' हे वाक्य तर मी कायमचं सोडलं. फोटोखाली, फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहिते. दोन पानांच्या नोटिशीला या सगळ्याची दहाएक मिनिटं लागतात.

हा उपकार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आमच्या भागाला हे नवं नाही. केडगाव इथून जवळच. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवलं, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. तिथल्याच छापखान्यात बायका खिळे जुळवायच्या. रमाबाईंचा मराठी बायबलचा अनुवाद त्यांनीच जुळवला. टाईप करताना मला त्या बायका हटकून आठवतात.

पुढच्या सभेची नोटीस गुरुजींनी दुकानात बाकावर बसूनच ऐकली. पहिले तीन विषय बोटानं सरकवून टाकले, चौथ्यावर थांबले, तोच पुन्हा ऐकला. मग मला हाक मारली.

"चौथ्या विषयात 'सभासदांनी' दोनदा आलंय. एक काढ, मग पाठव."

मी एक काढलं.