बुरशीचे विष आणि कागदाची पट्टी

कणगीतला मका बाहेर काढला. दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली. मग घरात काय म्हणतात? "झटका, ऊन द्या, दळून आणा. एवढं धान्य का फेकायचं?" आम्हीही पुष्कळ वर्षे असेच करीत होतो. पण ही चूक आहे. कशी, ते पाहू.

1974 सालची गोष्ट. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत मका काढणीला आला होता. तेवढ्यात अवकाळी पाऊस झाला. मका भिजला आणि त्याला बुरशी आली. माणसे गरीब. घरात दुसरे धान्य नाही. त्यांनी तोच मका खाल्ला. शेकडो लोकांना कावीळ झाली. पोटात पाणी झाले. 106 माणसे दगावली. त्यांच्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला.

असे का झाले? ही बुरशी दाण्यात विष सोडते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. मक्यात होते, तसे ते भुईमुगातही होते. बुरशी झटकली तरी विष आत राहते. शिजवले तरी ते पुरते जात नाही. थोडे थोडे पुष्कळ दिवस पोटात गेले, तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. गाईने बुरशीची पेंड खाल्ली, तर विष दुधात उतरते. तेच दूध आपली मुले पितात.

हे विष डोळ्यांना दिसत नाही. मग ओळखावे कसे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी कागदाची एक पट्टी केली आहे. अशा साधनाला जैवसंवेदक म्हणतात. जैव म्हणजे जिवाचे. संवेदक म्हणजे जाणीव करून देणारा.

आजाराशी लढण्यासाठी प्राण्यांच्या अंगात प्रतिद्रव्ये तयार होतात. त्यांतले एक द्रव्य या विषालाच धरते. त्याला लाल रंगाचे बारीक कण जोडून ते पट्टीवर ठेवतात. धान्य दळून औषधी पाण्यात घुसळतात. त्याचे थेंब पट्टीवर सोडतात. पट्टीवर दोन रेघांच्या जागा असतात. धान्य चांगले असेल, तर लाल कण पहिल्या जागी अडकतात आणि रेघ उमटते. विष असेल, तर ती रेघ पुसट होते किंवा उमटतच नाही.

हे उलटे वाटते ना? पण पाहा. गाडी आधीच भरलेली असली, तर ती वाटेतल्या खळ्यावर माल घ्यायला थांबत नाही. तसेच हे. दुसरी रेघ मात्र उमटलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टीच बिघडलेली समजावी.

धान्यात हे विष किती चालते? किलोला 15 मायक्रोग्रॅम, असा आपल्या देशाचा नियम आहे. म्हणजे दहा लाख किलो धान्यात फक्त 15 ग्रॅम! एवढे थोडे विषही पट्टी काही मिनिटांत दाखवते. मात्र विष सगळ्या पोत्यात सारखे नसते. म्हणून नमुना चार ठिकाणचा घ्यावा लागतो.

प्रयोगशाळा, डेअऱ्या आणि पशुखाद्याचे कारखाने अशा पट्ट्या वापरतात. आपल्या घरी पट्टी नसली, तरी आपले हात आहेत. धान्य कडक वाळवा. पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा. बुरशीचे दाणे माणसांना देऊ नका, गुरांना नको आणि कोंबड्यांनाही नको.

धान्य टाकताना जीव हळहळतो खरा. पण धान्य पुन्हा पिकते. गेलेले माणूस परत येत नाही.