९४४ची सबब

२०२५च्या २६ जुलैला २००५च्या त्या पावसाला वीस वर्षं झाली. आठवणींच्या पुरवण्या निघाल्या, छातीभर पाण्यातून चालणाऱ्या माणसांची तीच छायाचित्रं पुन्हा छापली गेली. मला मात्र त्या वर्षी जास्त झोंबली ती २६ मे. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून, नालेसफाईची मुदत ३१ मे आणि पाऊस हजर झाला २६ मे रोजी. गेल्या पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो आला नव्हता. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. जेमतेम पंधरवड्यापूर्वी सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. मग खुलासे सुरू झाले आणि त्यांत पुन्हा तीच विशेषणं आली: अवेळी, अभूतपूर्व, विक्रमी. ही विशेषणं ऐकत मी म्हातारा झालो.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथल्या पावसाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जातात. त्या जुन्या वह्या अभ्यासकांसाठी खजिना आहेत. मला त्यांतली बरीचशी दशकं सारखीच वाटतात. ५ जुलै १९७४ला कुलाब्यात एका दिवसात ५७५ मिलिमीटर पडला, तेव्हा जरा थांबावंसं वाटतं. १९८५ला शहर तुंबलं, त्यावर अभ्यास झाला, १९९३ला पावसाचं पाणी वाहून नेण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा आराखडा आला आणि कपाटात गेला. पुढची बारा वर्षं सांगण्यासारखं काही नाही. आराखडा कपाटात होता, एवढंच.

२६ जुलै २००५ला मी फोर्टातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. खिडकीबाहेर नेहमीचा जुलै. दुपारनंतर कलिना, कुर्ला, साकीनाक्याहून फोन येऊ लागले तेव्हा आमच्या वृत्तसंपादकांनी ‘उपनगरवाले दरवर्षीच ओरडतात’ म्हणून ती बातमी आतल्या पानाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आकडे आले. कुलाबा ७३ मिलिमीटर, सांताक्रूझ ९४४. विहार तलावापाशी तर हजाराच्या वर. बहुतेक पाऊस दुपारी अडीच ते रात्री साडेआठ या वेळात कोसळला होता आणि त्यातच समुद्राला मोठी भरती होती. शहरात चारशेहून अधिक माणसं गेली. काही जण बंद गाड्यांत गुदमरले, साकीनाक्याला दरडीखाली वस्ती गाडली गेली.

मंत्रालय, महापालिका, वेधशाळेची कचेरी, वर्तमानपत्रांचे संपादक, सगळे ७३ मिलिमीटरच्या मुंबईत बसले होते. ९४४ची मुंबई दुसरीच होती आणि तिचा फोन कुणी उचलत नव्हतं. या शहराच्या पुराची निम्मी कहाणी मला आजही त्या दोन आकड्यांच्या अंतरात दिसते.

त्यानंतरची दहा वर्षं मी हा विषय सोडला नाही. सुरुवातीला खापर प्लास्टिकच्या पिशव्यांवर फुटलं. पिशव्या दोषी होत्याच, पण मिठी नदीला विमानतळाच्या धावपट्टीखालून वळवणारी किंवा माहीमच्या खाडीकडची खारफुटी बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभं करणारी पिशवी मी तरी पाहिलेली नाही. पाठोपाठ ‘मुंबई स्पिरिट’चा गजर झाला. अनोळखी माणसांनी बिस्किटं वाटली, घरं उघडली, हे खरंच होतं. त्या चांगुलपणाची ढाल करून जबाबदार माणसं तिच्याआड लपली, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने मात्र नेमून दिलेलं काम नेकीने केलं. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि त्यातलंही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत होतं. मुरायला जमीन उरली होती कुठे? मग कपाटातला आराखडा बाहेर आला, ताशी ५० मिलिमीटर हे नवं माप ठरलं, पाणी उपसणारी केंद्रं उभी राहू लागली, वॉर्डावॉर्डांत स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. नियोजित आठ उदंचन केंद्रांपैकी मोगरा आणि माहुल २०२५मध्येही रखडलेलीच होती.

त्या ५० मिलिमीटरचा एक साधा हिशेब करून पाहा. ९४४ला चोवीस तासांनी भागलं तर उत्तर येतं ताशी ३९. म्हणजे कागदावर २६ जुलैचा पाऊससुद्धा नव्या वाहिन्यांत मावतो! दिवसाची सरासरी ही अशी फसवी असते. पाणी तुंबतं ते तासात आणि भरती असेल तर अर्ध्या तासातही, कारण समुद्रात सुटणारी वाहिन्यांची बहुतेक तोंडं तेव्हा पाण्याखाली असतात.

याच दशकात ९४४ हा आकडा इशारा न राहता सबब झाला. दर पावसाळ्यापूर्वीच्या पत्रकार परिषदेत ऐकलं: २६ जुलैसारखा पाऊस झाला तर जगातलं कुठलंही शहर बुडेल. बरं, मग २९ ऑगस्ट २०१७ला पाऊस त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्साच होता, तरी डॉ. दीपक अमरापूरकरांसारखा नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेला. २ जुलै २०१९ला सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर झाला आणि मालाडला भिंत कोसळून झोपड्या चिरडल्या. ऑगस्ट २०२०मध्ये जुन्या मुंबईची पाळी आली, कुलाब्यातच एका दिवसात ३३१. ९४४च्या आसपासही न जाणारे पाऊस दर दोन-तीन वर्षांनी शहर बंद पाडत राहिले.

हवामानाचे अभ्यासक एका वेधशाळेच्या आकड्यावरून निष्कर्ष काढत नाहीत, आपणही काढू नये. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्याबद्दल जे मांडलं ते स्पष्ट आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की १९५१ ते २००० या काळात मोसमातल्या सरासरी पावसात ठळक फरक नाही. मात्र अतिमुसळधार पाऊस वाढला आणि मध्यम पाऊस घटला. रॉक्सी कोल यांच्या चमूने २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. गोळाबेरीज तीच, हप्ते बदलले. मोसमाच्या अखेरीस ‘सरासरी गाठली’ अशी बातमी छापून आपण मोकळे होतो, तेव्हा नेमकं हेच झाकलं जातं.

मुंबईच्या गोंगाटात महाड नेहमीच विसरलं जातं. २००५च्या त्याच जुलैत जुई, दासगावच्या घरांवर दरडी आल्या. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस झाला आणि घाटाखाली त्याच महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं. मधली सोळा वर्षं डोंगर तिथेच होते, नोंदीही होत्या.

आणि २०२५च्या मे महिन्यात, पाऊस दारात असताना, मिठीतल्या गाळउपशात ६५ कोटींच्या घोटाळ्याचा आरोप ठेवून पोलिसांनी गुन्हा दाखल केला. खरंखोटं न्यायालय ठरवील. वीस वर्षं गाळाचे टन आणि खर्चाचे कोटी ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, हीच खरी अधोगती.

आता माझी मागणी एवढीच आहे. विक्रमाचा दाखला देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आणि मंत्र्याने त्याच दमात तीन आकडे सांगावेत: त्या वॉर्डात त्या तासाला किती पाऊस झाला, तिथली वाहिनी ताशी किती पाणी वाहून नेते आणि त्या वेळी भरती किती होती. तिन्ही आकडे सरकारी दप्तरात आहेत. ते शेजारीशेजारी छापले की विक्रम कोणत्या दिवशी पावसाने केला आणि कोणत्या दिवशी कंत्राटदाराने, हे शाळकरी पोरालाही कळेल. म्हणून तर ते शेजारीशेजारी छापत नाहीत.