विश्लेषण : कथानकच नसलेल्या मालिकेचा निरोप जड का जातो?

फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांत दहावीच्या निरोप समारंभांची तयारी सुरू होते. भाषणे होतात, वह्यांवर सह्या घेतल्या जातात आणि परीक्षेनंतर वर्ग पांगतो. नेमक्या याच वयाच्या मैत्रीवर जपानमध्ये अनेक शांत, संथ अ‍ॅनिमे मालिका निघाल्या. ‘नोन नोन बियोरी’ ही त्यांपैकी एक. मार्च २०२१ मध्ये ती संपली. तिच्यात खलनायक नाही, रहस्य नाही, कुणी जग वाचवत नाही. तरीही शेवटचा भाग संपल्यावर प्रेक्षकाला चुकल्याचुकल्यासारखे होते. असे का होते आणि या मालिकेतील शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला ओळखीची का वाटेल, याचा हा आढावा.

मालिका नेमकी कशाबद्दल?

‘आत्तो’ या टोपणनावाने काढणाऱ्या चित्रकथाकाराची ही चित्रकथा २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यावरील मालिकेचे पहिले पर्व २०१३ मध्ये, दुसरे २०१५ मध्ये आणि तिसरे २०२१ मध्ये आले. मध्ये २०१८ मध्ये एक चित्रपटही आला. दिग्दर्शक शिन्या कावात्सुरा. कथा डोंगरातल्या एका खेड्याची. तिथल्या शाळेत पाचच विद्यार्थी : पहिलीतली रेंगे, टोकियोहून आलेली पाचवीतली होतारू, सातवीतली नात्सुमी, तिची आठवीतली बहीण कोमारी आणि या दोघींचा नववीतला भाऊ सुगुरू. सगळे एकाच खोलीत बसतात. शिक्षिका एकच, तीही रेंगेची थोरली बहीण. भाजीपाला, ओढा, पावसाळा, सुट्ट्या, बसची वाट पाहणे, एवढ्यावरच भाग उभे राहतात.

या प्रकाराला काय म्हणतात?

रोजच्या जगण्याचे तुकडे दाखवणारा हा प्रकार इंग्रजीत ‘स्लाइस ऑफ लाइफ’ म्हणून ओळखला जातो. जपानीत त्याला ‘निचिजोकेई’, म्हणजे दैनंदिन जगण्याच्या मालिका, असे म्हणतात. मनाला निववणाऱ्या कथांसाठी ‘इयाशिकेई’ असा आणखी एक शब्द आहे. येथे घटनांपेक्षा वेळ महत्त्वाचा असतो. शेतावरचे आभाळ काही क्षण नुसतेच दिसत राहते, किड्यांची किरकिर ऐकू येते, पात्रे गप्प बसतात. पहिल्या दोन पर्वांत शाळेचे तेच एक वर्ष वेगवेगळ्या प्रसंगांतून दिसते, कुणीही पुढच्या इयत्तेत जात नाही. त्यामुळे हे वर्ष कधी सरणारच नाही, असे पाहणाऱ्याला वाटू लागते.

मग हुरहूर कशाची?

पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे जडणारे एकतर्फी नाते डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये मांडले होते. व्यक्ती ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने भेटत राहिली की ती ओळखीची होते. रहस्यकथा संपली की उत्तर हाती लागते आणि मन मोकळे होते. इथे मिळवायचे उत्तरच नसते, त्यामुळे संपते ते केवळ रोजचे भेटणे. खऱ्या मैत्रीतही बहुतेकदा हेच होते. भांडण होत नाही, अबोला नसतो, माया आटत नाही. फक्त उद्या सकाळी शेजारी कोण बसणार, हे बदलते.

पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात हे नेमके दिसते. उन्हाळी सुट्टीत आजीकडे आलेली होनोका आणि रेंगे यांची गट्टी जमते. एके दिवशी रेंगे तिला बोलवायला जाते, तेव्हा वडिलांच्या कामामुळे तिला अचानक परत जावे लागल्याचे कळते. रेंगे काही बोलत नाही. बराच वेळ तिचा चेहराच दिसत राहतो. पुढे होनोकाचे पत्र येते. पण निरोप घेता आला नाही, ही सल आधीच रुतलेली असते.

मराठीत असे काही झाले का?

झी मराठीवर मार्च २०१५ मध्ये सुरू झालेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ पुढच्या वर्षी फेब्रुवारीत संपली. मुंबईत ‘माजघर’ नावाच्या घरात एकत्र राहणारे सहा तरुण, त्यांचे रुसवेफुगवे आणि एकमेकांना सांभाळून घेणे, एवढेच तिचे भांडवल होते. त्याच सहा कलाकारांना नव्या भूमिका देऊन २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आली. पण ते माजघर परत आले नाही. कादंबरीत पाहायचे तर मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तील आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची टोळीही अखेर पांगतेच.

यवतमाळशी याचा संबंध काय?

मालिकेतील शाळा ज्या इमारतीवरून रेखाटली, ती जपानच्या साइतामा प्रांतातील ओगावा गावची लाकडी शाखा-शाळा २०११ मध्येच बंद झाली होती. पडद्यावर गजबजलेला तो वर्ग प्रत्यक्षात आधीच रिकामा झाला होता.

आपल्याकडेही २०२३ मध्ये राज्य सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा १४ हजारांहून अधिक शाळा होत्या. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळेल, असा एक युक्तिवाद. तर अंतर वाढल्याने मुलींचे शिक्षण सुटेल, असा दुसरा. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडचे कोलाम पोड किंवा पुसद, दिग्रस, महागावकडचे बंजारा तांडे यांना हा वाद नवा नाही. दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसणे, मोठीने धाकट्याला पाढे म्हणायला लावणे तिथे रोजचेच. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले की वर्गातली एखादी जागा निरोपाशिवायच रिकामी होते. गावची शाळा संपली की कुणी बसने तालुक्याला जाते, कुणी आश्रमशाळेत, कुणी शेतात. पट मोजणाऱ्या कागदावर या सोबतीसाठी रकाना नसतो.

निरोप घ्यावा कसा?

मालिकेचा शेवटचा भाग याचे साधे उत्तर देतो. थांबलेले वर्ष अखेर पुढे सरकते, चेरीला पुन्हा बहर येतो. सुगुरू शाळेतून बाहेर पडतो, होतारू सहावीत जाते आणि गावातली छोटी शिओरी पहिलीत येते. आजवर सर्वांत धाकटी असलेली रेंगे आता ताई होते. जाणाऱ्याला जाऊ देता येते, कारण सांभाळायला कुणीतरी नवे आलेले असते.

त्यामुळे दहावीतली मुलगी एखादी मालिका संपली म्हणून गप्प बसली असेल, तर ‘कार्टूनसाठी काय रडतेस’ म्हणण्याआधी थोडे थांबावे. जूनमध्ये तिची मैत्रीण अमरावतीला जाणार असेल आणि ती स्वतः गावातच राहणार असेल. ते अजून तिला कुणाशी बोलता आलेले नसेल.