डॉल्फिन दिसला नाही, हीसुद्धा नोंद आहे

"पोरगं इतक्या दूर जाईन, डॉल्फिन पाहून येईन. दुसरं काय?"

हायस्कूलच्या मुलांनी समुद्री सस्तन प्राण्यांच्या अभ्यासमोहिमेत जावं का, हा विषय विदर्भातल्या दिग्रसमध्ये काढला की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतं. पालकांकडून येतं, शिक्षकांकडूनही येतं. त्यांचा दोष नाही. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासाहून लांब, आणि डॉल्फिन म्हटलं की डोळ्यांपुढे मालवणची सहल उभी राहते. राग येतो तो अशा मोहिमांच्या जाहिरातीत 'डॉल्फिन दिसण्याची हमी' छापणाऱ्यांचा. संशोधनाच्या बोटीवर अशी हमी देताच येत नाही. जिथे ती देतात, तिथे संशोधन चालत नसतं. एवढं एक नीट समजलं तर बाकीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतील, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

तारकर्लीहून, गुहागरहून किंवा हर्णे-मुरुडहून सकाळी निघणारी पर्यटकांची बोट काल जिथे डॉल्फिन दिसले तिकडे आज जाते. नावाडी एकमेकांना फोन करतात आणि कळप दिसला की चार बोटी तिकडे वळतात. सर्वेक्षणाची बोट अशी चालत नाही. तिच्यासाठी नकाशावर आधीच रेघा आखलेल्या असतात आणि त्या रेघेवरून बोट एकाच संथ वेगाने जाते. पलीकडच्या खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन उड्या मारताहेत असं कुणी सांगितलं तरी ठरलेली रेघ सोडायची नसते.

याचं कारण सोपं आहे, पण कुणी सांगत नाही. समजा एका महिन्यात दोन कळप दिसले आणि पुढच्या महिन्यातही दोनच. मग डॉल्फिन तेवढेच राहिले का? पहिल्या महिन्यात ५० किलोमीटर शोधून दोन दिसले असतील आणि दुसऱ्या महिन्यात ५०० किलोमीटर शोधून दोन, तर दोन्ही महिन्यांत दहापटीचा फरक आहे. म्हणून किती अंतर शोधलं, किती तास, किती डोळे पाहत होते, समुद्र कसा होता, हे सगळं लिहावं लागतं. काहीच न दिसलेले तास तर लिहावेच लागतात. जिथे शोधूनही डॉल्फिन दिसला नाही ती जागा आणि जिथे कुणी गेलंच नाही ती जागा, दोन्ही नकाशावर सारख्याच कोऱ्या दिसतात. त्यांतला फरक फक्त नोंदवहीत असतो.

शंका असेल तर गंगेच्या डॉल्फिनची गणती पाहा. मार्च २०२५ मध्ये देशातल्या नद्यांमधल्या डॉल्फिनचा अंदाज जाहीर झाला: ६,३२७. बातम्यांचा मथळा तेवढाच. त्या आकड्याखाली आठ राज्यांतल्या २८ नद्या, साडेआठ हजारांहून जास्त किलोमीटर आणि ३,१५० मनुष्यदिवस आहेत. पंजाबात बियास नदीत सापडलेले सिंधू डॉल्फिन अवघे तीन. ते 'तीनच' आहेत असं म्हणता येतं, कारण बियासचं बाकीचं पाणी कुणीतरी तासन्‌तास पाहून 'नाही' असं लिहिलं होतं.

मग अशा बोटीवर सोळा वर्षांच्या मुलीला काय काम असतं? भरपूर. दोन्ही बाजूंना एकेक निरीक्षक आपापल्या वाट्याचं पाणी डोळ्यांनी आणि दुर्बिणीने पिंजत असतो, तिसरा लिहीत असतो. ठरावीक वेळाने, किंवा हवा बदलली की, वेळ, जीपीएसवरचं स्थान, वारा, उन्हाची तिरीप कुठल्या बाजूने येते आहे, हे टिपायचं. लाटांसाठी ब्यूफोर्ट मापनश्रेणी वापरतात: ० म्हणजे सपाट पाणी, ३ ला ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागतो. त्यापुढे लाटेचा शेंडा आणि पाठीचा पर वेगळा ओळखणं कठीण, म्हणून काम बहुधा थांबवतात. डोळे थकतात, त्यामुळे जागा पाळीपाळीने बदलायच्या.

आणि दिसलाच तर? कोकणच्या किनाऱ्यालगत बहुधा गाठ पडते ती हंपबॅक डॉल्फिनशी. वर येताना त्याचं लांब तोंड आधी तिरपं पाण्याबाहेर निघतं, मग पाठीवरचा उंचवटा, त्याच्यावरचा लहानसा पर, आणि काही क्षणांत सगळं पुन्हा पाण्याखाली. तेवढ्यात एकाने कोन आणि अंतर ओरडून सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने पराचा फोटो काढायचा. फोटो शक्यतो बाजूने हवा, म्हणजे पराची कड स्पष्ट येते. किती होते याचे तीन आकडे मांडायचे: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वांत योग्य वाटणारा. पिल्लाची नोंद वेगळी. पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचांवरून पुढे एकेक डॉल्फिन ओळखतात, जसा गुराखी कानाच्या खाचेवरून आपलं जनावर ओळखतो. ही जुळणी बोटीवर होत नाही. किनाऱ्यावर परतल्यावर संगणकापुढे बसून, नव्या फोटोशेजारी जुने फोटो लावून करायचं ते चिकाटीचं काम आहे. शाळकरी पोरं ते उत्तम करतात, कारण त्यांची नजर तयार असते आणि त्यांना चूक दाखवली तर ती सुधारतात.

'उत्तम करतात' हे कौतुकापोटी लिहिलेलं नाही. १९७० मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात ब्लेअर आयर्विन यांनी डॉल्फिनना खुणा लावून अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांच्या मदतीला रँडल वेल्स नावाचा हायस्कूलचा विद्यार्थी होता. प्रश्न साधा होता: हे डॉल्फिन इथलेच रहिवासी आहेत, की येऊन-जाऊन असतात? तेच तेच डॉल्फिन पुन्हा पुन्हा दिसत राहिले आणि ते तिथलेच आहेत हे सिद्ध होत गेलं. तो अभ्यास आजही चालू आहे. निसर्गात राहणाऱ्या डॉल्फिनच्या एकाच समूहाचा इतका दीर्घ अभ्यास जगात दुसरा नाही, आणि तो शाळकरी मुलगा पुढे त्याचा प्रमुख झाला. निक्लो नावाची एक मादी ६७ वर्षं जगल्याचं याच अभ्यासामुळे कळलं. सहलीला गेलेल्या पोरांकडून हे झालं नसतं.

आपल्याकडेही पाहा. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर कोकण सिटेशियन रिसर्च टीम या संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात ब्लू व्हेल नोंदवले, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. त्याआधी त्याच रेघांवरून रिकामं पाणी पाहत काढलेल्या तासांची बातमी होत नाही. मुलांना दाखवायचे ते तास आहेत.

जाता जाता पाठलागाबद्दल. हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतो. जाळी, बंदरं आणि बोटी याच पाण्यात. मादीला साधारण तीन वर्षांतून एक पिल्लू होतं, म्हणून झालेलं नुकसान लवकर भरून येत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ पासून त्याला संकटग्रस्त ठरवलं आहे. चार इंजिनं मागे लागली की त्याचं खाणं, विसावणं, पिल्लाला पाजणं सगळं मोडतं. 'तुमच्या मुलाला डॉल्फिनच्या अगदी जवळ नेऊ' असं कुणी म्हणालं तर नकार द्यायला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

पोहता आलंच पाहिजे? पाण्यात उतरायचंच नसतं, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्याच अंगात असतं. ऊन आणि बोट लागणं, हे दोन त्रास मात्र खरे आहेत.

डॉल्फिन मासा आहे? फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. पुढे जाऊ या.

डॉल्फिन नेहमी आनंदात असतो? ती त्याच्या जबड्याची ठेवण आहे. मेलेल्या डॉल्फिनचा चेहराही तसाच दिसतो.

गंगेचा डॉल्फिन आंधळा, म्हणजे दुबळा? त्याच्या डोळ्यात भिंग नसतं, तरी प्रतिध्वनीवरून तो गढूळ पाण्यात मासा नेमका पकडतो.

किनाऱ्यावर आलेला व्हेल ढकलून परत पाठवला की वाचतो? नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आलेलं पिल्लू लोकांनी मोठ्या कष्टाने समुद्रात नेऊन सोडलं. ते परत आलं आणि मेलं. किनाऱ्याला लागलेला प्राणी बहुधा आजारी, जखमी किंवा आईपासून तुटलेला असतो. अशा वेळी गर्दी हटवायची आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

याचा पोटापाण्याशी संबंध नाही? अमेरिकेने १९७२ च्या आपल्या सागरी सस्तन प्राणी कायद्याखाली २०१६ मध्ये नियम केला की, अमेरिकेला मासळी निर्यात करणाऱ्या देशांनी जाळ्यांत हे प्राणी किती मरतात याचा हिशेब द्यावा. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था त्यासाठीच आपल्या समुद्रात या प्राण्यांची गणती करते. गणतीला संख्याशास्त्र आणि संगणक जाणणारी माणसं लागतात, तेव्हा 'बायोलॉजी नाही घेतली, आता काय' ही चिंताही सोडा.

आणि शेवटचा, जो मला सर्वांत जास्त खुपतो: विदर्भातल्या पोरांचा समुद्राशी काय संबंध? दिग्रसजवळच्या अरुणावतीचं पाणी पैनगंगेत जातं, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. शिवाय यातलं पुष्कळ काम समुद्रावर होतच नाही. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलेली लुबान नावाची हंपबॅक व्हेल मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून खाली देशाच्या दक्षिण टोकाकडे गेली. तो सगळा प्रवास संशोधकांनी पडद्यावर पाहिला. हॅपीव्हेल या संकेतस्थळावर जगभरातले लोक व्हेलच्या शेपटीचे फोटो देतात आणि खुणांवरून ओळख पटते. त्याला लागतो एक मोबाइल.

मोहिमेला जाण्याआधी सरावही इथेच होतो. हिवाळ्यात अरुणावती धरणावर नाहीतर इसापूरला मुलांना घेऊन जा. एक जागा ठरवा, एक तास ठरवा, दर दहा मिनिटांनी पाण्यावरचे पक्षी मोजून तीन आकड्यांत लिहा आणि काही दिसलं नाही तर ० लिहा. तिसऱ्या ०ला जो कंटाळत नाही त्याला खुशाल पाठवा.

पैसे भरण्याआधी आयोजकाला चार गोष्टी विचारा. डॉल्फिन आणि व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुमच्या कामाला परवानगी कुणाची आणि कुणाच्या नावावर? नोंदी शेवटी कुणाकडे जातात? समुद्र खवळला तर त्या दिवशी मुलं काय करतील? आणि आठवडाभर एकही डॉल्फिन दिसला नाही तर तुम्ही त्यांना काय सांगाल? या शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो, किंवा 'तसं होणारच नाही' म्हणतो, त्याच्याकडे मूल पाठवू नका.